ट्रेंडिंग ‘सुशी बेक’ घरी कसा करायचा? आणि त्यात ‘इंडियन सॅल्मन’ चालतो का?

काचेच्या ट्रेमध्ये भाताचा थर, त्यावर माशाचं नारिंगी, क्रीमी मिश्रण. ओव्हनमधून बाहेर आलं की चमचाभर काढायचं, नोरीच्या म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ, कुरकुरीत कागदात गुंडाळायचं आणि थेट तोंडात. ही रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. हा आहे सॅल्मन सुशी बेक.

हा पदार्थ जपानी आहे का?

चवीने हो, जन्माने नाही. सुशी बेक हवाई आणि फिलिपिन्समध्ये लोकप्रिय झाला. 2020च्या लॉकडाऊनमध्ये फिलिपिन्समध्ये लोक घरी असे ट्रे बनवून विकत होते. सुशी रोल न वळता ट्रेमध्ये पसरला, की झाला सुशी बेक.

गंमत म्हणजे सुशीवर कच्चा सॅल्मन ठेवायची पद्धत जपानमध्येही तशी अलीकडची. पॅसिफिकमधल्या सॅल्मनमध्ये परजीवी असू शकतात, म्हणून तिथे तो मीठ लावून, भाजून खायचे. 1980च्या दशकात नॉर्वेने फार्ममध्ये वाढवलेला आपला सॅल्मन खपवण्यासाठी ‘प्रोजेक्ट जपान’ मोहीम सुरू केली आणि मग चित्र बदललं.

मासा घेताना नाव नीट वाचा

ऑनलाइन मासे मागवताना ‘इंडियन सॅल्मन’ असं लिहिलेलं दिसतं. तो सॅल्मन नाही, आपला रावस आहे! दोन्ही मासे वेगवेगळ्या कुळातले. खरा सॅल्मन आपल्या समुद्रात मिळत नाही, तो आयात होतो आणि म्हणूनच महाग असतो. त्यामुळे नारिंगी मासा डोळ्यासमोर ठेवून ऑर्डर केली आणि पांढरट तुकड्या आल्या, तर दुकानदाराशी भांडण्याआधी लेबल पाहा.

सुशी बेकमध्ये रावस चालतो का? अगदी छान. फक्त त्यात सॅल्मनइतकं तेल नसतं, म्हणून मेयोनीज एक चमचा जास्त घाला. मात्र रीलमध्ये पाहून रावस कच्चा खायच्या भानगडीत पडू नका. सुशी बेकमध्ये मासा पूर्ण शिजतो, घरच्या स्वयंपाकघरासाठी हाच त्याचा मोठा फायदा.

खरी मेहनत भाताची

इथे बासमती नको. दाणा सुटा राहिला तर घास नोरीत टिकत नाही. सुशी राइस मिळाला तर उत्तम, नाहीतर चिकट होणारा इंद्रायणी घ्या. त्याचा सुगंध जपानी तांदळासारखा नसतो, पण चिकटपणाचं काम होतं.

दीड कप तांदूळ पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा आणि मऊ शिजवा, गिचका करू नका. तीन मोठे चमचे राइस व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर आणि पाऊण छोटा चमचा मीठ किंचित गरम करून विरघळवा. भात गरम असतानाच ते वरून घालून हलक्या हाताने मिसळा. साधं पांढरं व्हिनेगर जास्त झोंबतं, ते दोनच चमचे पुरे.

आता 300 ग्रॅम माशाला मीठ-मिरपूड लावून 200 अंश सेल्सिअसवर 12 ते 15 मिनिटं बेक करा. तुकडी काट्याने सहज सुटली पाहिजे. थर्मामीटर असेल तर मधोमध 63 अंश दिसायला हवेत. कातडी आणि काटे काढून मासा कुस्करा. त्यात चार मोठे चमचे मेयोनीज, एक चमचा सोया सॉस आणि झेपेल तेवढा तिखट सॉस घाला. (श्रीराचा नसेल तर शेजवान चटणी घालता येते. चव जपानपासून लांब जाते, पण तक्रार कोणी करत नाही.)

ट्रेमध्ये भात दाबून बसवा. वर भाजलेले तीळ आणि चुरलेली नोरी भुरभुरवा, मग माशाचं मिश्रण पसरा. पुन्हा 200 अंशांवर 10 मिनिटं, वरचा थर सोनेरी होईपर्यंत. काकडीचे काप आणि नोरीचे चौकोन सोबत ठेवा. नोरी आधीच गुंडाळून ठेवली तर ती चामट होते, त्यामुळे ज्याने त्याने आपला घास खातानाच वळावा.

उरलं तर?

रात्रभर ओट्यावर ठेवू नका. भातातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांच्या आत ट्रे फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करा आणि संपवा.