संगणकीय संपर्कवही : नोंद कोणासाठी ?



पूर्वी घरोघरी दूरध्वनीशेजारी पत्त्यांची वही असे. कडेला पायऱ्यांसारखी कापलेली अक्षरे, आत खाडाखोड, पत्ता बदलला की वर चिकटवलेली चिठ्ठी. तिचा एक गुण सहसा आपल्या ध्यानात येत नाही : ती घरातील कोणालाही वाचता येई. आज तीच माहिती भ्रमणध्वनीत असते. परंतु ‘पाटील नवीन’, ‘ताई २’, ‘बँकवाले’ अशा नोंदी ज्याने केल्या त्यालाच उमगतात. दुकान चालवणारे वडील अचानक रुग्णालयात दाखल होतात, आणि पुरवठादारांना कळवण्याचे काम मुलीवर येते. यादीत पाटील पाच. त्यांपैकी ज्यांची बाकी द्यायची ते कोणते आणि आत्याचे दीर कोणते, हे तिने कसे ओळखावे ?

गूगल कॉन्टॅक्ट्स, आउटलुक, थंडरबर्ड यांसारख्या आज्ञावलींत एक नोंद म्हणजे एक ओळ नसते. तो स्वतंत्र रकान्यांचा संच असतो. एका आज्ञावलीतून दुसरीत नोंदी नेण्यासाठी ‘व्हीकार्ड’ नावाचा संकेत वापरतात. त्यात नावाचे पाच भाग मानले आहेत : आडनाव, नाव, मधले नाव, नावापूर्वीची उपाधी आणि नावानंतरची उपाधी. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली रीत या चौकटीत सहज बसते. अडचण आपल्या सवयीची आहे. आपण सर्व काही पहिल्याच रकान्यात लिहितो. मग ‘श्री.’ आणि ‘सौ.’ नावाचाच भाग ठरतात आणि यादीतील निम्मी माणसे ‘श’ व ‘स’ या अक्षरांखाली गोळा होतात. आडनाव नावाच्या रकान्यात गेले, तर निमंत्रणपत्रांवर यंत्र निमूटपणे ‘प्रिय देशमुख’ असे छापते. ज्येष्ठ व्यक्तीस असे पत्र गेले, की त्याचा खुलासा करण्यात पत्रापेक्षा अधिक वेळ जातो !

‘नानाकाका’, ‘ताई’ ही नाती पुसून टाकावीत, असे मात्र नाही. त्यांच्यासाठी टोपणनावाचा रकाना असतो. मूळ नाव पूर्ण लिहावे आणि नाते तेथे नोंदवावे.

मराठी अभ्यासकाला लिपीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटेल. काही नावे रोमन लिपीत आणि काही देवनागरीत लिहिली, तर एकाच आडनावाची माणसे यादीत दोन ठिकाणी विखुरतात. म्हणून एक लिपी निश्चित करावी. देवनागरी निवडल्यास ती युनिकोडमध्येच असावी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित केलेली यादी संपर्कवहीत आणली, की नावांच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हीकार्डच्या ४.० आवृत्तीने युनिकोडची यूटीएफ-८ ही पद्धत बंधनकारक केली आहे. वर्णक्रमातही एक गंमत आढळते. आपल्या वर्णमालेत ‘क्ष’ शेवटी येतो. संगणक मात्र तो ‘क’, हलन्तचिन्ह आणि ‘ष’ असा साठवतो. त्यामुळे केवळ संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘क्षीरसागर’ हे आडनाव ‘क’च्या गटात सापडते.

घरगुती आणि व्यावसायिक संपर्क वेगळे करण्यासाठी दोन वह्या नकोत. ‘कुटुंब’, ‘ग्राहक’, ‘पुरवठादार’ अशी लेबले लावणे पुरेसे असते. तुमचा मावसभाऊच कागद पुरवत असेल, तर त्याची नोंद एकच ठेवावी आणि तिला दोन लेबले द्यावीत. दुहेरी नोंदी एकत्र करण्याची सोयही असते; पण यंत्राची सूचना डोळे मिटून स्वीकारू नये. एकच घरचा क्रमांक असलेले पिता-पुत्र त्याला एक वाटू शकतात. क्रमांकापूर्वी +९१ लिहावे, म्हणजे परदेशातूनही तो लागतो. संपूर्ण वहीची प्रत अधूनमधून फाइलरूपात काढून भ्रमणध्वनीबाहेर ठेवावी आणि ती कोठे आहे, हे घरातील एकास सांगून ठेवावे. मात्र ती फाइल सरसकट कोणाला पाठवू नये. त्यातील क्रमांक इतरांनी आपल्यावर विश्वासून दिलेले असतात.

कृती : आपल्या भ्रमणध्वनीतील कोणत्याही दहा नोंदी घरातील दुसऱ्या व्यक्तीस वाचावयास द्या. ती माणसे कोण, हे त्या व्यक्तीस ओळखता न आल्यास त्या नोंदी वरीलप्रमाणे रकान्यांत विभागून पुन्हा लिहा.