झुकिनी जास्त झाली? साठवताना ही काळजी घ्या

गच्चीवर किंवा परसात लावलेली झुकिनी एकदा धरू लागली की घरात खाऊन आणि शेजारी वाटूनही उरते. ती जरूर साठवा. फक्त एक पद्धत टाळा: फोडी पाण्यात किंवा तेलात बुडवून, बरणी घट्ट बंद करून बाहेर ठेवणे.

धोका कशाचा?

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जीवाणू असतो. त्याचे बीजाणू 100 अंश सेल्सिअसला उकळूनही टिकतात. आंबट नसलेल्या, हवाबंद पदार्थात ते वाढतात आणि विष तयार करतात. झुकिनी, दुधी, दोडका या भाज्या आंबट नसतात. विषारी झालेल्या पदार्थाचा वास किंवा चव बदलतेच असे नाही, त्यामुळे शंका आल्यास चाखून पाहू नका, टाकून द्या. घरचा प्रेशर कुकरही यावर खात्रीचा उपाय नाही.

सुरक्षित पद्धती

• फ्रीजर: अर्ध्या इंचाच्या चकत्या उकळत्या पाण्यात 3 मिनिटे ठेवा, लगेच बर्फाच्या पाण्यात गार करा, निथळून पिशव्यांत भरा. मीठ लागत नसल्याने रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी हीच पद्धत उत्तम.
• व्हिनेगरमधले लोणचे: लेबलवर 5 टक्के आम्लता लिहिलेले व्हिनेगर घ्या. व्हिनेगरपेक्षा पाणी जास्त घालू नका. बरणी फ्रीजमध्येच ठेवा. यात मीठ असते, म्हणून रक्तदाब असल्यास अगदी थोडे खा.
• वाळवण: पातळ चकत्या कडकडीत वाळवून कोरड्या डब्यात भरा. ओलसर राहिल्यास बुरशी येते.

साठवण्याआधी प्रत्येक फळाचा छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ फेकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिनमुळे येतो. तो शिजवून जात नाही आणि त्याने जोरदार उलट्या-जुलाब होऊ शकतात.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बरणीतला पदार्थ खाल्ल्यावर एकाचे दोन दिसणे, पापण्या जड होणे, बोलणे अडखळणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होणे, हातापायांतली ताकद जाणे यांपैकी काहीही झाले तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. लक्षणे बहुधा 12 ते 36 तासांत दिसतात, पण कधी काही दिवसांनीही सुरू होतात. ताप नसला तरी थांबू नका. काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा आणि उरलेली बरणी सोबत न्या. विषावरचे औषध जितके लवकर मिळेल तितका जीवाचा धोका कमी होतो.