बोरसुरीची डाळ, हिंजवडीचा पगार

निलंगा तालुक्यातल्या एका घरातले दोन भाऊ. एक पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर, दुसरा गावात तूर पिकवतोय. दोघांच्या हिशेबाच्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या तर?

डाळफ्राय मागवताना आपण वेटरला काय सांगतो? तडका जरा जास्त, बस्स! बासमती कुठला, कॉफी कुठली याची चौकशी करणारी आपली पिढी तुरीच्या बाबतीत मात्र एकदम उदार असते. डाळ म्हणजे डाळ. पण लातूर जिल्ह्यात निलंगा तालुक्यात बोरसुरी नावाचं गाव आहे आणि तिथल्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तेच ते जीआय, दार्जिलिंगच्या चहाला आहे ते. त्याच वर्षी याच तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि जिल्ह्यातल्याच कास्ती कोथिंबिरीलाही मिळालं. वरण, चिंच, कोथिंबीर. आमटीचं निम्मं सामान एकाच जिल्ह्यातलं!

पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली की सकाळी लातूर. तिथून निलंगा पन्नासेक किलोमीटर, पुढे कर्नाटक. निलंगा म्हटलं की वडीलधाऱ्यांना १९८५-८६ मधले मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर आठवतात, देवळांची आवड असलेल्यांना नीलकंठेश्वराचं जुनं दगडी मंदिर. मला आठवण होती ती ओळखीतल्या त्या टेस्टर मित्राच्या बडबडीची. ‘आमच्या येळवशीला ये एकदा, तुझे सगळे फूड फेस्टिव्हल विसरशील.’

डिसेंबर २०२५ मध्ये गेले. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर-धाराशिवकडचा माणूस घरात थांबत नाही. लातूर शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात, सगळे शेतात. शेतात कडब्याची कोपी करायची, पांडवांची पूजा मांडायची आणि मग जेवायचं. भज्जी, ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, गव्हाची खीर, बाजरीचे उंडे. भज्जी म्हणजे आपली कांदाभजी नव्हे हं. हिरव्या तुरीचे दाणे, वाटाणा, पालेभाज्या असं मोसमात मिळेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. ओळख असो नसो, कोपीजवळून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी तीन कोप्यांवर जेवले. चौथ्या कोपीवरच्या मावशी रागावल्या.

कोपीत सगळं घर होतं. अण्णा, माय, थोरला (आपला टेस्टर, एका दिवसाची रजा टाकून आलेला) आणि धाकटा. धाकटा सत्तावीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला. बारावीला ‘लातूर पॅटर्न’च्या क्लासेसमध्ये दोन वर्षं घासून निघाला, पण डॉक्टर-इंजिनिअर झाला नाही. या पॅटर्नमधून बोर्डात आणि प्रवेश परीक्षांत चमकलेल्या मुलांच्या फोटोंचे फ्लेक्स सगळ्यांनी पाहिलेत. ज्यांचे फोटो लागत नाहीत ती मुलं नंतर काय करतात, हा फीचरचा विषय कुणाला सुचत नाही.

धाकट्याने मला सोयाबीनचा हिशेब वहीतच दाखवला. सहा एकर कोरडवाहू. साल बरं गेलं तर एकरी सात क्विंटल. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ रुपये, त्याच्या हातात आले ४,३००. म्हणजे एकरी तीस हजार. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी असे अठरा हजार वजा. उरले बारा. सहा एकरांचे बहात्तर हजार, अख्ख्या हंगामाचे. थोरला खाली मान घालून आंबील पीत होता. त्याचा महिन्याचा पगार याहून जास्त आहे, हे कोपीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

‘तरी येकवीस साली दहा हजाराचा भाव बघितलाव आम्ही,’ अण्णा म्हणाले. २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन खरंच दहा हजारांवर गेलं होतं. तो आकडा या भागातल्या प्रत्येकाच्या डोक्यात अडकलाय. दर वर्षी पेरताना तोच आठवतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात असा पाऊस कोसळला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, नदीकाठच्या जमिनी तर मातीसकट खरवडून गेल्या. याच जिल्ह्याला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. एकाच पिढीने दोन्ही पाहिलंय.

या मातीवर भरवसा ठेवणं सोपं नाही, शब्दशः. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा थोरला जन्मलाही नव्हता. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, अशी घरं झोपेतल्या माणसांवर बसली. माय अजूनही पत्र्याच्या खोलीतच झोपते, स्लॅबखाली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून गूढ आवाज येऊ लागले, तेव्हा तिने पुन्हा अंगणात बाज टाकली होती.

मग धाकटा इथे का थांबलाय? कारण तूर. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरायची, सोयाबीन निघून गेलं की ती मोकळी वाढते आणि डिसेंबर-जानेवारीत हाती येते. मर रोगातून आणि घाटे अळीतून वाचली तर! क्विंटलभर तुरीची साधारण सत्तर किलो डाळ होते. बाजारात तूर सात हजारांनी गेली, तर डाळीचा कच्चा खर्च किलोला शंभर. त्यावर आपण पुण्यात किती देतो ते आठवा. मधला फरक दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात जातो आणि धाकट्याला तोच हवाय. गेल्या वर्षी त्याने दोन क्विंटलची डाळ करून एकेक किलोच्या पुड्या थोरल्याच्या ऑफिसात व्हॉट्सअॅपवर विकल्या. आठवड्यात संपल्या.

पण जीआय म्हणजे लॉटरी नव्हे. मानांकन मिळालं तरी ते नाव वापरायला शेतकऱ्याला स्वतः ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करावी लागते, तीही चेन्नईच्या कार्यालयात. धाकट्याने अर्ज केलाय. दुसरीकडे, २०१६ मध्ये भारताने मोझांबिककडून तूर घेण्याचा करार केला, २०२१ पासून आयात मुक्त केली. शहरात डाळ महागू नये म्हणून. थोडक्यात, आपल्यासाठी! २०२५ मध्ये इथली तूर ७,५५० च्या हमीभावाच्या खाली आली, ते आपल्याला कळलंही नाही. हे काही फक्त निलंग्याचं दुखणं नाही. इंडोनेशियात बालीच्या डोंगरातल्या किंतामणी कॉफीला २००८ मध्ये त्या देशातलं पहिलं जीआय मिळालं. आज ते नाव महागड्या कॅफेंच्या बोर्डावर असतं. तिथे शेतकऱ्यांचे गट आधीपासून घट्ट होते. निलंग्यात गट बांधायचा म्हणजे आधी बांधावरची भांडणं मिटवायची, असं धाकटा हसत म्हणाला.

लग्नाचा विषय मायने काढला. पाच स्थळं पाहून झाली. मुलींकडच्यांची अट एकच, मुलगा पुण्यात नोकरीला हवा. आणि गावाकडे शेतीही हवी! मला हसू आलं, पण त्या मुलींच्या जागी मी असते तर वेगळं काय म्हणाले असते, सांगता येत नाही. मायने मात्र थेट विचारलंच, ‘तू देशील का गं तुझी बहीण हितं?’ मला बहीण नाही, त्यामुळे सुटले.

अण्णांनी धाकट्याला दोन हंगामांची मुदत दिलीय. डाळीचं जमलं तर ठीक, नाहीतर पुण्याला जा. त्याला छोटी डाळमिल टाकायचीय. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, कमाल दहा लाख. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं. बँकेला जामीनदार हवा, आणि घरात पगाराची स्लिप असलेला माणूस एकच.

दोघे भाऊ त्यावर बोलत बांधावरून बराच वेळ चालत राहिले. थोरल्याच्या वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आणखी सतरा वर्षं चालणार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसल्यावर त्याने मोबाइलवर तीन महिन्यांच्या स्लिपा शोधल्या आणि भावाला पाठवल्या. बँकेने पुढच्या महिन्यात दोघांनाही बोलावलंय.