उपदेशकाची भाषा आणि उपदेशकाचा धीर : रिद्धपूरची परंपरा व मराठी ख्रिस्ती प्रवचन

वऱ्हाडातील एखाद्या लहान ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाला दर रविवारी दोन भाषांच्या मध्ये उभे राहावे लागते. त्याचे धर्मशास्त्रीय शिक्षण बव्हंशी इंग्रजी ग्रंथांवर झालेले असते आणि त्याच्या हाती असलेल्या मराठी बायबलची भाषा प्रमाण, संस्कृतप्रचुर आणि थोडी जुन्या वळणाची असते. समोर बसलेले श्रोते मात्र घरी 'मला' न म्हणता 'मले' म्हणतात, 'डोळा' न म्हणता 'डोया' म्हणतात. उपासनेच्या तासाभरात ते प्रमाण भाषा आदराने ऐकतात. परंतु आदराने ऐकणे आणि समजून ऐकणे ह्या दोन क्रिया एकच नव्हेत. आपले बोलणे पोहोचले की नाही ह्याविषयीची शंका हे पाळकांच्या खचण्याचे एक मोठे कारण असते, आणि तिचा विचार सामान्यतः श्रद्धेचा किंवा मनोबलाचा प्रश्न म्हणून केला जातो. वस्तुतः तिचा बराच भाग भाषेचा आहे. ह्या प्रश्नाचा मराठीतील सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट निवाडा ज्या परंपरेने केला, तिचे एक मूळ ठिकाण अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे आहे.

रिद्धपूर, जुन्या ग्रंथांतील ऋद्धिपूर, हे गोविंदप्रभूंचे गाव. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी ह्यांना येथेच त्यांच्यापासून ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला, अशी पंथाची श्रद्धा आहे. रूढ कालगणनेनुसार चक्रधरांनी १२७४ मध्ये महाराष्ट्रातून प्रयाण केले. त्यानंतर नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, आणि इतर अनुयायी गोविंदप्रभूंच्या सेवेसाठी रिद्धपूरला येऊन राहिले. पुढे दहाबारा वर्षांनी गोविंदप्रभूंचेही निधन झाले. ज्यांना अनुयायी प्रत्यक्ष परमेश्वरावतार मानीत, असे दोघेही आता नव्हते. मागे उरला तो एक विस्कळीत, शोकग्रस्त समुदाय. त्यात संस्कृतज्ञ पंडित होते, घरदार सोडलेले पुरुष होते, आणि पुष्कळ स्त्रिया होत्या. त्या सर्वांना सांभाळण्याचा भार नागदेवाचार्यांवर पडला.

'स्मृतिस्थळ' हा ग्रंथ मुख्यत्वे ह्या नंतरच्या काळाची हकीकत सांगतो. वा. ना. देशपांडे ह्यांनी तो १९३९ मध्ये संपादून प्रसिद्ध केला. पुढे १९९२ मध्ये अॅन फेल्डहाउस आणि शं. गो. तुळपुळे ह्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'देवाच्या अनुपस्थितीत' असा होतो. हे नाव अतिशय नेमके आहे. ग्रंथातील नागदेवाचार्य चमत्कार करीत नाहीत. ते प्रश्नांची उत्तरे देतात, कोणाला रागावतात, कोणाची समजूत घालतात, भिक्षेच्या, प्रवासाच्या आणि एकत्र राहण्याच्या बारीकसारीक गोष्टी मार्गी लावतात. त्यांचा अधिकार ऐकलेल्या वचनांच्या आठवणीवर उभा आहे. गुरूने काय सांगितले होते आणि ते आज, ह्या माणसाला, कोणत्या शब्दांत सांगावयाचे, ह्यापलीकडे त्यांच्यापाशी दुसरे भांडवल नाही. कोणत्याही धर्मातील दुसऱ्या पिढीच्या नेत्याची स्थिती तत्त्वतः हीच असते. ख्रिस्ती पाळकाची तर ती नित्याचीच आहे.

भाषेविषयीचे दोन प्रसंग ह्याच ग्रंथात आहेत आणि ते मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतात. मात्र ते बहुधा भाषाभिमानाचे दाखले म्हणून सांगितले जातात, आणि तेथे त्यांचा अर्थ थोडा हुकतो. एका प्रसंगी पंडित शिष्य संस्कृतात प्रश्न करतात, तेव्हा नागदेवाचार्य म्हणतात की तुमची ती संस्कृत सर्वनामे आपणास कळत नाहीत; चक्रधरांनी आपणास मराठीत शिकविले, तेव्हा मराठीतच विचारावे. दुसऱ्या प्रसंगी केशोबास पंथाचे तत्त्वज्ञान संस्कृतात ग्रथित करू इच्छितात. नागदेवाचार्य त्यांना थांबवितात आणि कारण देतात ते असे, की त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या नागवल्या जातील.

ह्या निवाड्यात मराठीची स्तुती नाही. संस्कृत हीन आहे असेही म्हटलेले नाही. निर्णयाचा आधार भाषेचा दर्जा हा नसून श्रोत्याचा हक्क हा आहे. 'नागवणे' हे क्रियापद येथे लक्षात घेण्याजोगे आहे. त्याचा अर्थ लुबाडणे, अंगावरचे हिरावून घेणे. म्हाताऱ्यांना कळणार नाही एवढेच नागदेवाचार्यांना म्हणावयाचे नाही. जे त्यांच्या मालकीचे आहे ते त्यांच्यापासून काढून घेतले जाईल, असे त्यांचे म्हणणे आहे. चक्रधरांची वचने त्या स्त्रियांनी प्रत्यक्ष ऐकली होती, आणि ती विद्वानांच्या स्वाधीन करणे म्हणजे त्यांचे धन दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवणे होय. दुर्बोध प्रवचनाला आपण 'कठीण' म्हणतो. नागदेवाचार्यांच्या हिशेबी ते अन्यायाचे ठरते.

येथे एक गैरसमज टाळावयास हवा. मराठीत सांगणे म्हणजे सोपे, हलके किंवा पातळ करून सांगणे, असे ह्या मंडळींनी कधीच मानले नाही. केशोबासांनी 'रत्नमालास्तोत्र' संस्कृतातच लिहिले. त्यांनी संकलित केलेला मराठी 'सूत्रपाठ' इतका आटोपशीर आहे की त्यावर पुढे भाष्यांमागून भाष्ये रचावी लागली. दामोदरपंडितांचे 'वछाहरण' हे प्रौढ काव्य आहे. विचाराची उंची न उतरविता भाषा श्रोत्याच्या घरची ठेवणे हे काम भाषांतरापेक्षा अवघड आहे, आणि त्यासाठी त्यांनी एक रचनापद्धती सिद्ध केली. ती पद्धती 'दृष्टांतपाठा'त दिसते.

'दृष्टांतपाठा'त ११४ दृष्टांत आहेत. प्रत्येक ठिकाणी तीन थर आढळतात : आधी चक्रधरांचे सूत्र, मग त्यांनीच सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केशोबासांनी लिहिलेले दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांताचा सूत्राशी लावलेला संबंध. हत्ती चाचपून पाहणाऱ्या आंधळ्यांची प्रसिद्ध गोष्ट त्यातलीच आहे. दृष्टांतांची भाषा बाजारातली, शेतातली, घरातली आहे. वाक्ये आखूड आणि क्रियापदांनी भरलेली आहेत. दार्ष्टांतिक मात्र मोजके असते, पुष्कळदा एकदोन वाक्यांचे. शिष्याने आपले स्पष्टीकरण गुरूच्या गोष्टीपेक्षा लांबू दिलेले नाही. आजच्या अनेक प्रवचनांत हे प्रमाण नेमके उलटे झालेले असते. शुभवर्तमानातील दाखला दोन मिनिटांत संपतो आणि त्याचे तात्पर्य अर्धा तास चालते. बी पेरणाऱ्याचा दाखला कापूस आणि तूर पिकविणाऱ्या गावात सांगताना खडकाळ जमीन म्हणजे काय हे श्रोत्याला समजावून देण्याची गरज नसते. तेथे पाळकाने गोष्ट नीट सांगावी आणि संबंध थोडक्यात जोडावा. उरलेले काम श्रोता स्वतः करतो, आणि करताना ते त्याचे होते.

म्हाताऱ्यांवर टाकलेल्या ह्या विश्वासाची फेड पंथाला लवकरच मिळाली, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी रिद्धपूरला, वाजेश्वरीच्या देवळात बसून, नागदेवाचार्यांच्या आणि इतरांच्या आठवणींवरून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. पुढे ज्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला त्यांत हिराइसा ह्या स्त्रीचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते, आणि एक पाठपरंपराच तिच्या नावाने ओळखली जाते. विवाहप्रसंगीचे धवळे रचणारी महदाइसा रिद्धपूरच्याच परिसरात वावरली. तिच्या अखंड प्रश्नांनी चरित्रग्रंथांची किती पाने भरली आहेत हे अभ्यासकांना सांगावयास नको. अर्थात श्रोत्यांचा हा वर्ग मुकाट्याने ऐकणारा नव्हता. जो श्रोता प्रश्न विचारू शकतो तोच पुढे साक्षीदार होऊ शकतो, आणि प्रश्न विचारावयाचा तर उपदेश त्याच्या भाषेत असावा लागतो.

पुढचा भाग मात्र तितका समाधानकारक नाही. चौदाव्या शतकातच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहावयास प्रारंभ केला. पावित्र्यरक्षण, परचक्र, पंथांतर्गत फुटी अशी ह्याची निरनिराळी कारणे दिली जातात. परिणाम एकच झाला : सर्वांसाठी मराठीत ठेवलेले वाङ्मय काही शतके बहुतेक मराठी भाषकांना वाचताच आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या खटपटीने ते बाहेर आले, आणि 'लीळाचरित्रा'ची वि. भि. कोलते ह्यांची शासकीय आवृत्ती १९७८ मध्ये निघाली.

लिपी न बदलताही भाषा सांकेतिक होऊ शकते. मराठी ख्रिस्ती प्रवचनातील 'तारण' हा शब्द घ्यावा. धर्मशास्त्रात त्याचा अर्थ पापापासून मुक्तता. 'तारणे' ह्या धातूवरून तो सरळ येतो. परंतु वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या रोजच्या व्यवहारात तारण म्हणजे कर्जासाठी सावकाराकडे किंवा पेढीकडे अडकवून ठेवलेली वस्तू. जमीन तारण आहे, दागिने तारण आहेत. एका अर्थी सुटका, दुसऱ्या अर्थी अडकणे. मंडळीत वाढलेला श्रोता दोन्ही अर्थ वेगळे ठेवतो, कारण त्याला संकेत अवगत असतो. नव्याने आलेला किंवा नुसताच ऐकावयास बसलेला गोंधळतो. 'अभिषेक' ऐकून त्याच्या डोळ्यांपुढे महादेवाची पिंडी उभी राहते. उलट 'मंडळी' आणि 'पाळक' हे शब्द किती नेमके आहेत! पहिल्यात इमारत नाही, माणसे आहेत. दुसऱ्यात पद नाही, सांभाळण्याची क्रिया आहे. हे शब्द ज्या भाषांतरकारांनी निवडले त्यांचा कान मराठी होता.

असा कान असलेले उपदेशक ख्रिस्ती परंपरेत थोडे नाहीत. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स ह्यांनी साष्टीतील नवख्रिस्तींसाठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. जुनी पुराणे हातची गेली, आता आम्हांला दुसरे काही द्या, ही श्रोत्यांचीच मागणी ह्या काव्याच्या मुळाशी असल्याचे कवी सांगतो. भाषा मराठी ठेवून, कठीण शब्द टाकून, स्थानिक कोकणीतील सुगम शब्द त्यांनी तीत मिसळले. देवनागरी खिळ्यांच्या अभावी ग्रंथ रोमन लिपीत निघाला, तरी चर्चमध्ये तो मोठ्याने वाचला जाई आणि ऐकणाऱ्याला लिपीची अडचण नव्हती. १६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज स्वीकारण्याचा हुकूम केला. श्रोत्याने उपदेशकाची भाषा शिकावी, हा त्या हुकुमाचा आशय. नागदेवाचार्यांच्या निवाड्याच्या तो थेट विरुद्ध जातो.

वऱ्हाडात मराठी ख्रिस्ती मंडळ्या वाढल्या त्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या कार्यातून. अकोला हे तिचे एक प्रमुख केंद्र होते. महानुभाव उपदेशपद्धतीचा तेथील ख्रिस्ती प्रवचनावर प्रभाव पडला असा दावा येथे नाही. परंतु मराठी श्रोता दोहोंनाही सामायिक आहे, आणि त्या श्रोत्याने ख्रिस्ती उपदेशकाकडूनही वेळोवेळी तीच मागणी केली. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी ती सर्वांत चांगली ओळखली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्धच आहे. त्यांनी अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तने केली आणि आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. कीर्तनात श्रोता टाळी देतो, धृपद उचलतो, हसतो. कीर्तनकाराला आपले बोलणे पोहोचले की नाही हे तत्क्षणी कळते. व्यासपीठावरून लिखित प्रवचन वाचणाऱ्याला हा आधार मिळत नाही. त्याच्या निरुत्साहाचे मूळ पुष्कळदा येथे असते. त्याची निष्ठा कमी पडते म्हणून नव्हे, तर त्याच्या बोलण्याला परतीचा आवाज नसतो म्हणून. हा आवाज मिळविण्याचे उपाय अवघड नाहीत. प्रवचन लिहून झाल्यावर ते मंडळीतील एखाद्या वृद्धेला आधी तोंडी सांगून पाहावे आणि तिने ते आपल्या शब्दांत परत सांगितले तर त्यातील चांगले शब्द उचलावेत. उपासनेनंतर प्रश्नांना वेळ ठेवावा. दाखला वऱ्हाडीत सांगावयास लाजू नये. प्रमाण मराठीचा मान त्याने कमी होत नाही. बायबलवाचन प्रमाण भाषेत आणि दाखला बोलीत, अशी विभागणी श्रोत्याच्या कानाला चमत्कारिक वाटत नाही. सूत्र आणि दृष्टांत ह्यांच्या भाषेतही असाच फरक आहे.

रिद्धपूरला आता २०२३ च्या कायद्यान्वये मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. तेथील आणि अमरावती, अकोला भागांतील अभ्यासकांना व्यासपीठाच्या मराठीचे ध्वनिमुद्रण व वर्णन हा एक जवळचा आणि बव्हंशी अस्पृष्ट विषय आहे. पाळकाच्या तोंडी प्रार्थनेत बोली केव्हा येते, प्रमाण भाषा केव्हा परतते, आणि श्रोते कोणत्या क्षणी मान वर करतात, ह्याच्या नोंदी कोणी केल्या तर त्यांचा उपयोग भाषाशास्त्राला आणि पाळकांना सारखाच होईल.

अशा अभ्यासाला एक मोठे उदाहरण हाताशी आहे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या जाणत्या विदुषी. 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या त्यांना कलकत्त्याला त्याच विद्येसाठी मिळाल्या. त्यांनी उत्तरायुष्यातील कित्येक वर्षे हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल करण्यात घालविली, आणि प्रचलित भाषांतरातील बोजड संस्कृत शब्द शक्य तेथे काढून टाकले; कारण केडगावच्या मुक्तिसदनात त्यांच्याभोवती असलेल्या, दुष्काळातून आलेल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना ते वाचता यावयाचे होते. १९२२ मध्ये मृत्यूच्या जरा आधी त्यांनी हे काम पुरे केले. १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. छपाई मुक्तिसदनाच्याच छापखान्यात झाली, आणि तेथे काम करणाऱ्याही त्याच बायका होत्या.