हशमत जंगाची रेसिडेन्सी

कोठीवर महिला विद्यापीठाच्या आवारात जुन्या रेसिडेन्सीचे उंच खांब पाहिले की मला लेफ्टनंट कर्नल जेम्स कर्कपॅट्रिक आठवतो. इंग्रज कंपनीचा हा रेसिडेंट इमानी खरा! १७९८ साली त्याने निजामाच्या फ्रेंच पलटणी मोडल्या. १८०० च्या तहाने निजामाला तैनाती फौजेत पक्के बांधले. पण याच हैदराबादेने त्याला ‘हशमत जंग’ केले. तो मोगली पोशाखात वावरला, खैरुन्निसेशी त्याने निकाह केला. लॉर्ड वेलस्लीने त्याची चौकशी मांडली. १८०५ साली दोन्ही मुले शिक्षणासाठी विलायतेस गेली. त्याच साली तो कलकत्त्यास वारला. खैरुन्निसेला मुले पुन्हा दिसली नाहीत. कंपनीशी राखलेल्या इमानाची किंमत एका आईने मोजली, असे मला वाटते.