सगळ्यांचं ऐकणारा ज्युलियस

वसाहतोत्तर कादंबरीतला विश्वनागरिक बहुधा सुशिक्षित असतो, चार संस्कृतींत सहज वावरतो. त्याची सहानुभूतीही तितकीच विशाल असणार, असं आपण धरूनच चालतो. टेजू कोल यांच्या २०११ सालच्या ‘ओपन सिटी’ने नेमकं हेच तपासायला घेतलं.

कादंबरीचा निवेदक ज्युलियस नायजेरियात वाढलेला, आई जर्मन. न्यूयॉर्कमध्ये मानसोपचाराचं शिक्षण घेतोय. शहरभर पायी भटकतो, मालरचं संगीत ऐकतो, मॅनहॅटनमधल्या इमारतींखाली गाडल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीपाशी थबकतो. ब्रसेल्समध्ये इंटरनेटच्या दुकानात काम करणाऱ्या मोरोक्कन फारूकची कैफियतही तो मन लावून ऐकतो. पण शेवटाकडे जुन्या मित्राची बहीण मोजी त्याला तोंडावर सांगते, की किशोरवयात त्याने तिच्यावर बळजबरी केली होती. ज्युलियस गप्प. ना कबुली, ना नकार. निवेदन चक्क दुसऱ्याच विषयाकडे वळतं.

या कादंबरीचं बळ मला इथे दिसतं. इतिहासातल्या जखमांवर इतकं नेमकं बोलणारा माणूस समोरच्या बाईपुढे मुका होतो, आणि इतका वेळ त्याच्यावर विश्वास टाकलेले आपणही हादरतो. वाचलीत, तर संपल्यावर सुरुवातीची प्रकरणं पुन्हा उघडा. ज्युलियस वेगळाच दिसेल.