शिपायाचें शेत आणि कायद्याचें कुंपण

खानदेशास फौजेची चाकरी नवी नाहीं. १८२५ सालीं धरणगांवीं भिल्ल पलटण उभी राहिली, तेव्हांपासून या मुलखाचीं माणसें पलटणींत जात आलीं आहेत. एक भाऊ नांगर धरतो, दुसरा बंदूक. मेहरूणचीच गोष्ट घ्या. तेथील बोरें नांवाजलेलीं; पण जळगांव शहर वाढत वाढत मेहरूणास वेढून पुढें गेलें आणि बोरींच्या जमिनीस मोठा भाव आला. अशा ठिकाणीं सरहद्दीवरील शिपायाच्या शेताची राखण कोण करणार?

आम्हीं महसुली दप्तरांत वर्षें घालविलीं. तेथें एक गोष्ट पटली ती ही कीं, कायदा शिपायासाठीं थांबतो. परंतु तो शिपाई आहे हें कोणी तरी कायद्यास सांगावें लागतें.

सैनिकांच्या दाव्यांविषयींचा १९२५ चा कायदा पाहा. तो दिवाणी व महसुली अशा दोन्ही न्यायालयांस लागू आहे. शिपाई युद्धावर, परदेशीं अथवा कायद्यांत सांगितलेल्या अन्य विशेष परिस्थितींत असून त्याच्या वतीनें न्यायालयांत कोणी उभें नसेल, तर जिल्हाधिकाऱ्यांस न्यायालयाला तसें कळवितां येतें. न्यायालय लष्करी अधिकाऱ्यांकडे विचारणा करतें, आणि तहकुबी आवश्यक असल्याचा दाखला आला म्हणजे काम तहकूब ठेवावें लागतें. त्याच्या माघारीं हुकूमनामा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठीं अर्ज करतां येतो. शिवाय अशा नोकरीचा काळ दाव्याच्या मुदतींतून वगळला जातो. ही सवलत शिपाई निवृत्त होऊन घरीं आल्यावरही त्यास मिळते.

परंतु शेत हातचें जातें तें बहुधा न्यायालयांत नव्हे, चावडीवर. वडील वारले, वारसांची नोंद झाली, आणि पलटणींतल्या भावाचें नांव तेवढें राहून गेलें. किंवा वाटणीच्या कागदावर त्याची सहीच नाहीं. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणें फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीस १५ दिवस असतात. दूर ठाण्यावरील शिपायाचे हे दिवस रजा मंजूर होण्यांतच जातात. म्हणून त्यानें भरंवशाच्या माणसास आधींच मुखत्यारपत्र देऊन ठेवावें. हरकतीची मुदत टळली तरी मंजूर नोंदीविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करतां येतें. सबळ कारण दाखविल्यास उशीरही माफ होऊं शकतो.

शेत कुळाकडे असेल तर कूळकायद्यांत १९६४ सालीं घातलेलें प्रकरण पाहावें. फौजेंत असलेल्या वा फौजेंतून निवृत्त झालेल्या जमीनमालकास स्वतः कसण्यासाठीं जमीन परत मागण्याचा हक्क त्यानें दिला आहे. मात्र त्यास क्षेत्राच्या व इतर अटी आहेत. कूळही शेतकरीच आहे, हें मागणाऱ्यानें विसरूं नये.

पेन्शनीविषयीं १८७१ चा कायदा स्पष्ट आहे. सावकाराच्या देण्यासाठीं ती जप्त होत नाहीं, आणि पुढें मिळावयाची पेन्शन आगाऊ लिहून दिलेला कागद निरर्थक ठरतो. पेन्शनीच्या आकड्याबद्दल खात्याशींच वाद असेल तर २००७ च्या कायद्यानें स्थापलेलें सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचें एक पीठ मुंबईस बसतें. राज्य शासनानें २०२० सालीं माजी सैनिकांस व सैनिकांच्या विधवांस राहत्या घराच्या करांत सूट देण्याची योजना काढली. मेहरूण आतां महापालिकेच्या हद्दींत असल्यानें तेथील घरांनीं ती चौकशी पालिकेंत करावी. वकिलाचा खर्च झेपत नसेल त्यानें जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जावें. सैनिकांच्या कुटुंबांस कायदेविषयक साहाय्य देण्याची राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची योजना २०२५ सालीं सुरू झाली आहे.

वाचकांस आमची सूचना एवढीच. शिपाई रजेवर येईल तेव्हां सातबारा व आठ-अ यांचे ताजे उतारे काढून त्यांत त्याचें नांव बरोबर आहे कीं नाहीं तें त्याच्यासमक्ष वाचून पाहावें. निवृत्तीचें पुस्तक, पेन्शनीचा हुकूम, विवाहाची व मुलांची नोंद हीं एका डब्यांत ठेवावीं आणि तो डबा कोठें आहे तें घरांतील बायांस ठाऊक असावें. कारण पुष्कळदां कागद शोधण्याची पाळी त्यांच्यावरच येते. शिपाई देशाची शीव राखतो. त्याच्या शेताचा बांध राखणें हें मागें राहिलेल्यांचें कर्तव्य होय.